अहवालाचं दुसरं पान

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मागच्या अंगणातल्या मातीचा अहवाल चांगला आला. ते चूक आहे. अहवाल दोन पानी आहे आणि मी तुला फक्त पहिल्या पानावरचं कळवलं. चुकलं तर खोडून कागद काळा करायचा नाही, वर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर ते लिहायचं, हे तूच शिकवलंस. खऱ्या शाळेत जायच्या आधी स्वयंपाकघराच्या टेबलाखाली माझ्या एकटीसाठी भरवलेल्या शाळेत. तर ही रेघ समज.

बिनरसायनाची भाजी लावायची म्हणून मी वाचनालयातून पुस्तक आणलं, तेव्हा बाबा किती हसले होते. म्हणाले, आमच्या शेतकरीणबाई किड्यांना काय हात जोडून सांगणार, अहो, उठा, दुसरीकडे जेवा? पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच कुदळ घेऊन हजर. त्यांची बॅटरी दुरुस्तीची शेड होती ना, भिंतीलगत, तिथली जमीन नुसती दगड झाली होती. तीन दिवस खणून त्यांनी तीन वाफे केले. मला वाळक्या पानांचं खत नीट जमेना, वास सुटला, तर आईने नाकाला पदर लावला आणि बाबांनी माझी बाजू घेतली. आपल्या धाकट्या चिऊला जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत बाबांना शीळ घालताना मी पहिल्यांदा ऐकलं. पहिला पालक त्यांनी स्वतः कापला, स्वतः धुतला. आम्ही तो दोनदा खाल्ला.

माती आधी तपासून घ्या, असं पुस्तकात पहिल्याच प्रकरणात आहे. बाबांचा उत्साह बघून मी ते पुढे ढकललं आणि मग तेच मला खात राहिलं. शेवटी पाच ठिकाणची माती पिशवीत भरून तपासणी केंद्रात दिली. तिथल्या अर्जात एक रकाना होता, जागेचा पूर्वीचा वापर. दुसऱ्या कोणी 'अंगण' लिहून मोकळं झालं असतं. मी लिहिलं, जुन्या बॅटऱ्या फोडणे आणि दुरुस्ती, वीस वर्षं. म्हणून त्यांनी बॅटऱ्यांमधून गळणारं शिसंही तपासलं.

अहवाल घ्यायला गेले तर तिथल्या गृहस्थांनी आधी मला बसायला खुर्ची दिली. दुसऱ्या पानावर होतं, मातीत शिसं आहे, चालतं त्याच्या कितीतरी पट. त्यांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का? मी नाही म्हटलं. मग ते उत्तर अर्धवट वाटलं म्हणून म्हटलं, होतं.

ताई, आपली चिऊ सारखी माती खायची. आई तिचं तोंड बोटाने साफ करायची आणि रागवायची. तिचं ते पोट दुखणं, पांढरी पडलेली बोटं, बोलता बोलता शब्द हरवणं, मग झटके. मी हे सगळं आधी केंद्रातल्या त्या गृहस्थांना आणि मग आपल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, आता खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. पण एका पायरीवरून पडून टेंगूळ आलेल्या मुलीला त्यामुळे वर्षभराने असं होणं अवघड. या मातीत रोज खेळलेल्या मुलीला होणं मुळीच अवघड नाही. त्या बोलल्या तितकंच लिहिलं आहे, एक शब्द वाढवलेला नाही.

तेरा वर्षांपूर्वी, चिऊला पहिला झटका आला त्या दिवशी दवाखान्यात बाबांनी विचारलं होतं, ही अशी का झाली, आणि आठ वर्षांची मी सगळ्यांदेखत म्हणाले, ताईच्या हातून पडली होती. खरं सांगितलं म्हणून बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ते खोटं नव्हतं. पण विचारलं होतं आजारपणाचं आणि मी उत्तर दिलं पडण्याचं. त्यानंतर तुला कोणी बोललं नाही, फक्त चिऊला तुझ्याकडे देणं बंद झालं. तू घर सोडलंस तेव्हाही मी दाराशी उभी राहून तुझी पिशवी धरली आणि मनात म्हटलं, बरोबरच आहे. हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं.

बुधवारी बाबा केस कापायला गेले असताना मी सगळ्या वाफ्यांतली भाजी उपटली. ते आले, बघत राहिले, म्हणाले, चार दिवसांची हौस तुमची. त्यांनी एकट्याने माती पुन्हा सारखी केली, हातमोजे न घालता, आणि काल घेवड्याचं बियाणं आणून भिजत घालायला वाटी मागितली. रविवारी लावू या म्हणाले. आपल्याच शेडच्या मातीने हे झालं असेल असं कळल्यावर बाबांचं काय होईल, या विचाराने मी वीस दिवस गप्प बसले. आणि तेरा वर्षं तुझं काय होत असेल याचा विचार मी या वीस दिवसांत पहिल्यांदा केला.

अहवालाची प्रत सोबत आहे, दोन्ही पानं. तू यावंस असं मी म्हणत नाही, तेवढा हक्क मला उरलेला नाही. पण या घरात तुझी गोष्ट पुन्हा निघणार आहे आणि या वेळी ती तुझ्या माघारी निघू नये, म्हणून आधी तुला लिहिते आहे. बाबा वाफ्याशी जाऊन बसण्याआधी, सकाळच्या चहाला, आईबाबा दोघांसमोर मी दुसरं पान वाचणार आहे. येत्या रविवारी, एकोणीस तारखेला.

तुझीच,
शेपूट