सीट पुढे सरकते

३ नोव्हेंबर, सावली

पोचले एकदाची. चिपळूणहून निघाल्यापासून गाड्या बदलून बदलून अंग आंबून गेलंय, पण मन मजेत आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चाललेली, हवेत ओल्या पेंढ्याचा वास. आमच्याकडे भात म्हणतात, इथं धान, वास तोच.

संस्थेचे प्रफुलभाऊ स्टँडवर घ्यायला आले होते. चहा पितापिता त्यांनी काम पुन्हा समजावलं. गावोगावी डोळे तपासायची शिबिरं घ्यायची, मोतीबिंदूवाले शोधायचे, ऑपरेशनसाठी गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचवायचे. राहायची सोय ताराबाई नावाच्या एकट्या बाईंच्या घरी. गंमत म्हणजे त्यांच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, माणूस म्हणजे नुसता धुरकट आकार दिसतो. मी स्वाती, म्हणून नाव सांगितलं, तर दारात मला उभं करून त्यांनी माझा खांदा चाचपला, मग टाचा उंचावून डोकं. म्हणाल्या, "लय उंच आहेस वो बाई तू." जेवायला तलावातल्या माशांचा रस्सा होता. खोबरं नव्हतं, तरी मी पुन्हा भात मागून घेतला.

आणि गाडी मिळाली. भद्रावतीच्या एका कंत्राटदारांनी संस्थेला दान दिलेली. पांढरी, दणकट, मोठ्ठ्या स्क्रीनची. मी बाबांच्या जुन्या खटाऱ्यावर शिकलेली. मला हे म्हणजे विमानच.

५ नोव्हेंबर

विमान चालवणं माझ्या नशिबी नसावं. सकाळ गाडीशी भांडण्यात गेली. एसी कमी करायला साधं बटण नाही. आधी स्क्रीनवर बोट, मग पंख्याचं चित्र, मग त्याच्या पोटात आणखी एक चित्र. तोवर समोर बैलबंडी येते. इंडिकेटर द्यायला गेले तर वायपर फिरले, वायपर थांबवायला गेले तर काचेवर पाणी उडालं. वेगाचा काटा नाही, आकडे आहेत, आणि स्टिअरिंगवर अंगठा चुकून लागला की तेही जाऊन तिथं टायरची हवा दिसते. माहितीपुस्तक समोरच्या खणात नाही. प्रफुलभाऊ म्हणतात, चालवता चालवता समजते.

सीट तर इतकी पुढे होती की गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. विजेवर सरकणारी आहे. दारावर १ आणि २ अशी बटणं आहेत; आपल्या मापाने सीट आणि आरसे लावायचे, आकडा दाबून ठेवायचा, की गाडी ते लक्षात ठेवते. १ कुणाचं तरी आहे. २ माझं केलं.

८ नोव्हेंबर

लक्षात कसलं ठेवते, कप्पाळ. रोज सकाळी गाडी चालू केली की स्क्रीन 'ड्रायव्हर १' दाखवते आणि सीट गुर्रर्र करत पुढे. आरसे खाली झुकतात. मी २ दाबते, सगळं मागे जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आज गुडघ्याला खरचटलं.

बोलून हुकूम द्यायची सोयही आहे म्हणे. स्टिअरिंगवरचं बटण दाबून "एसी बंद करा" म्हटलं. गाडीतली बाई हिंदीत म्हणाली, समझ नहीं आया. हळू म्हटलं, जोरात म्हटलं, हिंदीत म्हटलं, इंग्रजीत म्हटलं. समझ नहीं आया. शेवटी चिडून ताराबाईंची नक्कल केली, "मले थंडी वाजून राह्यली." एसी लगेच बंद झाला. हसावं की रडावं कळेना.

१२ नोव्हेंबर

आज मरता मरता वाचले, हे सरळ लिहून ठेवते.

मुलचेऱ्याच्या शिबिराला निघाले होते. लख्ख ऊन. वैनगंगेच्या पुलावर चढले आणि सीट सरकायला लागली. चालत्या गाडीत सीट हलू नये अशी सोय असते, एवढं मलाही ठाऊक आहे. ही हलली. सावकाश पुढे, आणखी पुढे, स्टिअरिंग छातीला टेकेपर्यंत. पाय दुमडले गेले, ब्रेक सापडेना. २ दाबलं, काही नाही. मागे ट्रक हॉर्न देत होता. पूल संपल्यावर कशीबशी गाडी कडेला घेतली तेव्हा सीट थांबली. एसी चालू नव्हता, तरी आत इतकं गार होतं की काचा धुरकटल्या होत्या.

मुलचेऱ्याला म्हाताऱ्यांची रांग लागलेली. आजूबाजूच्या बंगाली वस्त्यांमधल्या आज्या मला बाळ म्हणत होत्या. टॉर्च दोनदा हातातून पडला, त्यांना वाटलं नवी आहे म्हणून.

प्रफुलभाऊंना फोनवर दुसरी गाडी मागितली. त्यांचं म्हणणं, दुसरी गाडी नाहीच, आणि आधीच्या मॅडमनी कधी तक्रार केली नव्हती. आधीच्या मॅडम म्हणजे सांगलीकडच्या दामिनी. कुठे असतात विचारलं, तर नोकरी सोडली म्हणाले.

१५ नोव्हेंबर

चंद्रपूरला गॅरेजमध्ये दिवसभर बसले. मिस्त्रीने लॅपटॉप जोडला, सीटच्या वायरी तपासल्या. कुठेच बिघाड नाही. मी पुलावरचं सांगितलं तर त्याने विचारलं, मॅडम, तुमचं बोट बटणावर लागलं असेल का? लागलं असेल. सगळीकडे माझंच बोट लागतं.

माझ्या हट्टापायी त्याने सगळ्या आठवणी पुसून गाडी कारखान्यातून आल्यासारखी कोरी केली. १ रिकामं, २ रिकामं, फोन नाहीत, पत्ते नाहीत. बिल संस्थेच्या नावावर टाकून निघाले. मूल गावाच्या पुढे स्क्रीनवर अक्षरं आली, 'नमस्ते, चंदा.' खाली नकाशा उघडला आणि त्यावर एकच ठिकाण, 'घर'. म्हणजे ताराबाईंचं घर.

१७ नोव्हेंबर

प्रफुलभाऊंना समोर बसवून विचारलं, चंदा कोण. खूप वेळ ते पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग सांगितलं.

चंदा म्हणजे त्या कंत्राटदारांची बायको, आणि ताराबाईंची एकुलती एक मुलगी. ठेंगणी, हसरी. चाळिशीत गाडी शिकली, हट्टाने ही गाडी घेतली, आणि दर आठवड्याला भद्रावतीहून आईकडे यायची. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरवायला गडचिरोलीला चालली होती. वैनगंगेच्या पुलावर तिच्या छातीत कळ आली. पूल ओलांडून गाडी नीट कडेला लावली आणि सीटवरच गेली. नवऱ्याला गाडी डोळ्यांसमोर नको झाली, म्हणून दान दिली. एकच अट घातली, जो चालवेल त्याने सासूबाईंच्या घरी राहावं, त्यांना सोबत होईल.

मला हे आधी का सांगितलं नाही, म्हटलं. त्यांचं उत्तर, सांगून कोण आलं असतं?

२० नोव्हेंबर

ताराबाईंशी ऑपरेशनचं बोलायला बसले होते. इतक्या साध्या ऑपरेशनला त्या नाही का म्हणतात, या विचाराने डोकं उठलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दामिनीचं सांगायला लागल्या.

"थे बी आली तवा तुझ्यासारखीच उंच होती. डोक्याले हात नाई पुरे माझा. मंग पुराले लागला. बोलणं बी आपल्यासारखं झालं. एक दिवस मले माय म्हणली."

मग काय झालं, विचारलं.

"गेली. चंदा गेली तशीच गेली."

ऑपरेशन काऊन नाई करत, मी विचारलं. त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाल्या, "दिसाले लागलं तं समजन ना, का थे चंदा नोहोय."

राग आला, तरी हात सोडवून घेतला नाही. खोलीत आल्यावर लक्षात आलं, मी 'का' न म्हणता 'काऊन' म्हटलं होतं.

२३ नोव्हेंबर

आज सीट सरकली नाही. सरकायची गरजच नव्हती. गाडीत बसले, आरशात मागचा रस्ता नीट दिसला, पाय ब्रेकवर बरोबर पोचले. मी काहीही लावलं नव्हतं.

सलवार मातीत घासते आहे. धुऊन सैल झाली असेल म्हणून नाडी वर बांधली.

शिबिरात अक्षरांचा तक्ता खिळ्याला टांगायला गेले, रोज टांगते तसाच. हात पुरेना. उड्या मारल्या. प्रफुलभाऊंनी येऊन टांगला. माझ्याकडे पाहिलं नाही. हात पुसत राहिले.

२५ नोव्हेंबर

प्रफुलभाऊंना धरून दामिनीचं खरं काय ते विचारलं. दामिनीने नोकरी सोडलेली नाही. पुलाच्या अलीकडे, सावलीच्या बाजूला, सकाळी गाडीत सापडली. इंजिन चालू, एसी चालू, झोपल्यासारखी. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. माझ्याच वयाची. तिचे वडील प्रेत बघायला आले तेव्हा म्हणाले, ही आमची नाही, आमची उंच होती. चेहरा बघून मग घेऊन गेले.

प्रफुलभाऊ रडत होते. "मले वाटलं, बापाले धक्का बसला म्हणून असं बोलून राह्यला."

मी उद्याच्या एसटीने जाते आहे. बॅग भरली.

२६ नोव्हेंबर

गेले नाही. बॅग उचलून अंगणात आले तर ताराबाई पायरीवर बसलेल्या. म्हणाल्या, तूही चाललीस का. मी सांगितलं हो. मग त्यांनी विचारलं, ऑपरेशन केलं तर थांबशील का.

डोक्यात एकदम आलं, हाच उपाय आहे. त्यांना दिसत नाही म्हणून त्या मला चंदा करतात. त्या, आणि त्यांच्यामुळे ती गाडी. एकदा डोळे आले की समोर स्वाती दिसेल, मग सगळं थांबेल. हो म्हटलं. गडचिरोलीला फोन केला, परवाची तारीख मिळाली.

पण आज सकाळी मले — मला. मला असं लिहायचं होतं. मला.

२८ नोव्हेंबर, गडचिरोली

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. छान झालं. उद्या पट्टी निघेल.

येताना गाडी मीच चालवली, रुग्णाला न्यायला दुसरी सोय नव्हती. पुलावर काही झालं नाही. सगळी बटणं मला न बघता सापडत होती. वायपर, दिवे, आरसे. बोट आपोआप जागेवर जातं. आधी किती चिडायचे. तेव्हाची चिडचिड परत हवी आहे.

दवाखान्याच्या न्हाणीघरातला आरसा उंच लावलाय. त्यात फक्त माझं कपाळ दिसतं.

२९ नोव्हेंबर

पट्टी निघाली.

मी पलंगासमोर उभी होते. टाचा उंच करून. नर्सने कापूस काढला, डोळा पुसला. ताराबाईंनी आधी खिडकी पाहिली, मग स्वतःचे हात. मग माझ्याकडे. मी म्हटलं, नीट पाहा, कोण आहे सांगा. त्यांनी पाहिलं. खूप वेळ. डोळ्याला पाणी आलं. नर्स म्हणाली रडू नका, टाके —

म्हणाल्या, "चंदाच होय वो. किती बारीक झालीस."

मी म्हटलं नाही. पुन्हा पाहा. त्यांनी पुन्हा पाहिलं. हसल्या.

प्रफुलभाऊ फळं घेऊन आले होते. दारातच थांबले. पिशवी खाली ठेवली. चंदाताई, म्हणाले — इतकंच — आणि मागे मागे जात —

नर्सने विचारलं, आई आहे ना तुमची? मी नाई म्हणाले होते. मला वाटतं म्हणाले होते —

३० नोव्हेंबर

सुट्टी दिली. घरी चाललो. माय बाजूले बसून आहे. सारं पाह्यते — धान, बगळे, पाण्याची टाकी. हे काय, थे काय, विचारून राह्यली.

पूल ओलांडला. गाडी कडेले घेतली, जराशी. छातीत —

स्क्रीनवर 'घर' लिहून येते. थंडी वाजून राह्यली. सांगतलं गाडीले. आयकत नाई.

चिपळूणले फोन कराचा होता, नंबर —

माय म्हणते चाल ना वो, काऊन थांबलीस. म्हटलं, थांब माय, थोडंसं, इतकं लिहून घेतो, माझं नाव स्