कलम चार आणि न धुतलेला रोल

मी, सुवर्णा कडूबा गायके, वय ३१ वर्षे, अविवाहित, शिक्षण एम.एस्सी. (रसायनशास्त्र), शेंद्र्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीस, मूळ राहणार करमाड, हल्ली मुक्काम गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप नाही. ती येत्या सोमवारी बदलायची आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. उलट वडील सकाळपासून तीनदा फोनवर म्हणाले, "डाक्टर म्हनला ना सोपं आपरेशन हाय, मंग कशाला कागद काळं करतीस माय?" शंभरात दोन रुग्ण वाचत नाहीत, हे डॉक्टरांनी मला सांगितले आहे, त्यांना नाही. माझ्या कामात शंभरात दोन ही लहान चूक धरत नाहीत.

कलम १. गारखेड्याचा फ्लॅट माझ्या आईला, आशाबाई कडूबा गायके हिला, एकटीच्या नावे मिळावा. करमाडची जमीन वडिलांच्या नावावर आहे, ट्रॅक्टर भावाच्या. आईच्या नावावर आजवर फक्त गॅसची शेगडी आहे. वडिलांनी वाईट वाटून घेऊ नये.

कलम २. बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीत वारसाची नोंद केलेली आहे. ती तशीच राहावी.

कलम ३. स्कूटी भावाला, बन्सीला. मी पंधरा वर्षांची असताना मी फोटो काढून संपवलेला माझा पहिला रोल त्याने अंगणात, भर उन्हात, डबीतून ओढून काढला होता. "आत काय हाय ते बघत व्हतो," म्हणाला. आत काही नव्हते; बघितल्यामुळे नव्हते. मी त्याला माफ केले आहे. कॅमेरा मात्र त्याला देऊ नये.

कलम ४. फोटो धुण्याचे साहित्य.

(क) कॅमेरा, फोटो मोठा करून छापण्याचा एन्लार्जर, टाक्या, थर्मामीटर आणि तराजू माझा प्रयोगशाळेतील सहकारी जहांगीर याला द्यावेत. तो मोजून काम करतो.

(ख) स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर दोन तपकिरी बाटल्या आहेत. दोन्हींत पांढरट स्फटिक आहेत आणि वर उर्दूत एकेक शब्द आहे. त्या माझे गुरू गयास चाचा यांच्या. दहावीच्या हॉलतिकिटासाठी त्यांच्या शहागंजातल्या स्टुडिओत फोटो काढायला गेले, तेव्हा मी विचारले होते की निगेटिव्हवर पिवळा डाग का आहे. "डाग नहीं बेटा, ये भी तस्वीरच है," ते म्हणाले, आणि फोटोचे पैसे घ्यायचे विसरले. बाटल्यांतली ही दोन्ही रसायने फिल्म धुताना तिच्यावर चांदीच्या प्रतिमेबरोबर रंगाचा डागही सोडतात. जिथे उजेड जास्त पडला तिथे डाग गडद. म्हणून फोटो छापताना पांढरे कपडे कोरे निघत नाहीत, वीण दिसते. डाग धुऊन काढणाऱ्या लॅबमध्ये माझी एकही निगेटिव्ह नेऊ नये.

एका बाटलीतल्या पायरोगॅलॉलला चाचा 'माजू' म्हणत, कारण ते पूर्वी माजूफळापासून काढत. डाग पिवळा-हिरवा. दुसरीतल्या कॅटेकॉलला 'कत्था', कारण ते प्रथम कातापासून निघाले. डाग तपकिरी. दोन्ही विष आहेत. नाव वाचून कोणी पानाला लावू नये. जहांगीरखेरीज कोणी हात लावू नये, त्यानेही हातमोजे घालूनच.

(ग) फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे, एक रोल आहे. बारा फोटोंचा. फोटो चाचांनी जानेवारी २०२२ मध्ये काढले, फेब्रुवारीत ते गेले आणि रोल धुण्यासाठी माझ्याकडे आला. त्यात मुनिरा चाची आहेत. चाळीस वर्षे फोटोग्राफरची बायको असून त्यांनी कधी फोटो काढू दिला नाही. "गिऱ्हाइकांच्या ढिगात माझं तोंड नको," म्हणायच्या. त्या एका दुपारी पांढरी ओढणी घेऊन दारातल्या उन्हात बसल्या, का ते त्यांनाच ठाऊक. आधार कार्डावरचा सोडला तर त्यांचा दुसरा फोटो नाही. "वो तो चोरनी का है," असे त्या त्याबद्दल म्हणतात.

रोल एकदाच धुता येतो. तीन वर्षांत मी तो धुतलेला नाही. दर ईदला चाची विचारतात, "धुला क्या बेटा?" आणि मी सांगते, चाचण्या चालू आहेत. ते खरे आहे. त्याच फिल्मचे चौदा रोल मी पांढरी ओढणी उन्हात टांगून खर्च केले. प्रत्येक चाचणी सांगते की माजू वापरावे: त्याच्या डागाने ओढणी सांभाळली जाते. पण रोलच्या खोक्यावर चाचांनी पेन्सिलीने 'कत्था' लिहिले आहे. मला उर्दू येत नाही, बाटल्यांवरचे दोन शब्द तेवढे आकाराने ओळखता येतात. आयुष्यभर माजू वापरणाऱ्या माणसाने शेवटच्या रोलवर कत्था लिहिले, तर त्यांनी उन्हात असे काही पाहिले असणार जे माझ्या चौदा रोलांत नाही. आणि दरम्यान रोलवरची न उमटलेली प्रतिमा रोज थोडी विरते आहे.

मी नसल्यास जहांगीरने हा रोल धुवावा आणि निगेटिव्ह व छापील फोटो मुनिरा चाचींना द्यावेत. काल त्याला सगळी कृती समजावली. तो म्हणाला, "मॅडम, बाकी सब समझ गया. फक्त एवढं लिहा, दोनपैकी कोणतं?"

तरी त्याने

येथे लेखन थांबले होते. दुपारी बारा वाजता मुनिरा चाची डबा घेऊन आल्या. खोक्यावरचा मजकूर या कलमात अचूक उतरावा, म्हणून मी तो त्यांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावला आणि हसायला लागल्या. हसताना त्यांना खोकला आला, मी पाणी दिले.

"अगे ये तो पान का कत्था है! मैंच बोली थी, कत्था लाव, भुनी सुपारी लाव. जेब में कागज नहीं था तो डब्बे पेच लिख लिए. और लाएच नहीं, भूल गए!"

मी विचारले, खाली आणखी दोन शब्द आहेत, ती तारीख नाही का?

"तारीख कायकी? भुनी सुपारी."

त्यांना मी याआधी खोके दाखवले नव्हते. मला वाचता येते असे वाटत होते.

चाचांनी काहीही सांगून ठेवलेले नव्हते. निवड पहिल्यापासून माझी होती.

कलम ५. कलम ४(ग) मी आज स्वतः खोडले आहे, कारण त्यातला रोल आता अस्तित्वात नाही. तो मी माजूत धुतला. बोअरचे पाणी नाही, जारचे. परातीत बर्फ, तापमान २१ अंश, अकरा मिनिटे, दर पंधरा सेकंदांना टाकी उलटी. माझे दोन्ही हात टाकीवर होते, म्हणून चाचींना मोठ्याने सेकंद मोजायला लावले. त्या मध्येच दुआ म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत, म्हणून शेवटी मी मोबाइलचे घड्याळ लावले.

बाराही चौकटी आल्या. काठाला एक रेघ आहे, ती माझी चूक. ओली फिल्म खिडकीशी धरली तर चाची म्हणाल्या, "हाय अल्ला, मेरा मूं काला कर दी तू!" निगेटिव्हमध्ये उलटे दिसते, हे चाळीस वर्षे त्या घरात राहून त्यांना माहीत आहेच. मग मी बोट लावू नका म्हणत असतानाच त्यांनी ओढणीवर बोट नेले. ओढणीची वीण दिसते. बाराव्या चौकटीत चाचा आहेत: टायमर लावून धावत आले, बसेपर्यंत बटण पडले, म्हणून हललेले. त्या चौकटीशी चाची सर्वांत जास्त वेळ उभ्या राहिल्या.

फोटो सोमवारनंतर छापीन. न छापल्यास जहांगीरने छापावेत. त्यात निवडण्यासारखे काही उरलेले नाही.

कलम ६. या मृत्युपत्राची व्यवस्था वडिलांनी पाहावी. ते रागावतील, पण करतील.

साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरील वच्छलाबाई व त्यांचे पती कारभारी यांना बोलावले होते. कारभारी सोयगावला लग्नाला गेले आहेत. ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार राहू नये, असे वकिलांनी बजावले होते, म्हणून मुनिरा चाचींचे नाव मी धरले नव्हते. ४(ग) खोडले आणि निगेटिव्ह आजच त्यांच्या झाल्या, आता ती अडचण नाही.

खाडाखोडीवर आणि खाली, तिघींनी एकमेकींसमोर सह्या केल्या.

लिहून देणार: सुवर्णा कडूबा गायके (सही)

साक्षीदार १: वच्छलाबाई कारभारी औताडे (सही)

साक्षीदार २: मुनिराबेगम गयास सय्यद (सही उर्दूत). यांना या कागदाने काही येणे नाही. होते ते हयातीतच मिळाले.

ठिकाण: गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १६ मे २०२५, फिल्म वाळत असताना