ओल्या पाटीचा फोटो

चि. धाकटीस,

मोठीचा आशीर्वाद. पत्र वाचून तो परत करावासा वाटला तर खुशाल कर.

मी बरी आहे. सून वेळेवर जेवायला घालते, गुडघा आपला कुरकुरतो. तुझा खोकला गेला का? औषध संपवतेस, की अर्धी बाटली खिडकीत ठेवून देतेस?

काल नातीनं कॉम्प्युटरवर आपल्या पेठेचे जुने फोटो दाखवले. सायकलवाल्याच्या दारात टांगलेले टायर, न्हाव्याचा तडकलेला आरसा, सगळं जागच्या जागी. आणि अप्पांचं छत्रीदुरुस्तीचं दुकान! नवी रंगवलेली पाटी भिंतीला टेकवून वाळत ठेवलीय, आणि तिला पाठ लावून एक पोरगी समोरच्या दुकानातल्या बाहुल्या बघतेय. तू कुठेच नाहीस.

"ही कोण गं आजी?" नातीनं विचारलं.

"माझी धाकटी बहीण," मी म्हटलं. बघ, या वयातही जीभ सवयीनंच वळली.

त्या पाटीवरची ओली अक्षरं माझ्या पाठीनं पुसली गेली. रंग लागलेला फ्रॉक मी चुलीत घातला आणि तुझं नाव सांगितलं. अप्पा तुला बडवत होते तेव्हा मी निमूट जेवत होते. दादा अजून तुला 'पाटीपुशी' म्हणतो, आणि मीही त्याच्याबरोबर हसते.

आज नातीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तू भलतीच लबाड!" काय चुकलं तिचं?

दादाला समोर बसवून हे पत्र मोठ्यानं वाच. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा वाच.

तुझी,
ताई