दोन तत्त्वज्ञ आणि एक कुलूप

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.
नवीन पुस्तकाची प्रुफं आली. दोन अस्तित्ववादी तत्त्वज्ञ, जिवलग मित्र, बंडावरून कायमचे दुरावले. एक म्हणतो, अन्याय मोडायचा तर हात रक्ताने माखणारच. दुसरा म्हणतो, बंडाला मर्यादा हवी, नाहीतर बंडखोरच जल्लाद होतो. मी दुसऱ्याच्या बाजूचा. तूर्त.
आमच्या छापखान्याचे मालक आम्हा तिघांना, म्हणजे टायपिस्टबाई, बाइंडरकाका आणि मी मुद्रितशोधक, खोलीत बसवून बाहेरून कुलूप घालतात. चहाच्या नावाखाली वेळ जातो म्हणे. या आठवड्यात त्यांना ठाम नकार द्यायचा.

मंगळवार, ५ मार्च.
नकार दिला नाही. मालकांचा मूड नव्हता. शिवाय पुस्तक अर्धंही न वाचता भूमिका घेणं म्हणजे उथळपणा.

बुधवार, ६ मार्च. दुपारी ३.
आता पहिल्याच्या बाजूचा. कुलूप हीसुद्धा हिंसाच. टायपिस्टबाईंना तासभर समजावलं. त्या म्हणाल्या, दादा, मग बोला ना मालकांशी. बाइंडरकाका नुसते हसले. विचारांची सवय लागते.

गुरुवार, ७ मार्च.
वायरिंग जळलं. खोलीभर धूर. दार बडवलं, कोणी येईना. मी परिस्थितीचं आकलन करत होतो, तेवढ्यात बाईंनी स्टूल उचलून खिडकीची काच फोडली. गजांना तोंड लावून तिघंही खोकत राहिलो. आवाज ऐकून किल्ली आली.
घरी बायकोला म्हटलं, कृती उत्स्फूर्त होती, पण वैचारिक बैठक नव्हती. ती म्हणाली, तिने काच फोडली म्हणून तुम्ही इथे बसून बोलताय. 

शुक्रवार, ८ मार्च.
मालकांनी फुटलेल्या काचेबद्दल लेखी जबाब मागितला. संधी! दोन पानं लिहिली. पहिल्यावर कुलूप कसं चूक, दुसऱ्यावर काच फोडणं कसं चूक. इतका समतोल त्या दोघा तत्त्वज्ञांनाही जमला नाही.

शनिवार, ९ मार्च.
जबाब आवडला. मालकांनी दुसरं पान ठेवून घेतलं. पहिलं परत दिलं, विषयाला सोडून आहे म्हणाले.

सोमवार, ११ मार्च.
बाईंना काढलं. पत्राला माझं पान जोडलंय. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं. म्हणाल्या, दादा, अक्षर छान आहे तुमचं. डबा उचलून गेल्या. काका माझ्याकडे पाठ करून बसलेत. दाराला कुलूप आहे.
पत्र देण्याआधी मालकांनी ते तपासायला माझ्याकडेच पाठवलं होतं. ‘हिंसक’मधला ‘हि’ दीर्घ पडला होता. ऱ्हस्व केला. बाकी पत्रात चूक नव्हती.