शेवटच्या तुकड्यावर जोर

३ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
फायलींच्या तळघरातून सुटायची वेळ आली आहे. हॉस्पिटलात माइकवरून पुकारा करणाऱ्या बाई निवृत्त होताहेत. त्या जागेसाठी पंधरा तारखेला परीक्षा आहे. विभागांची लांबलचक इंग्रजी नावं साहेबांसमोर वाचायची. रेडिऑलॉजी म्हणतानाच माझी जीभ अडखळते. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस. शब्द कुठे तोडायचा, जोर कुठे द्यायचा, तेवढं लिहून पाठव. गुडघा कसा आहे?
लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी बाळी

८ जून
चि. बाळीस,
अ. आ.
घाबरतेस काय, वेडे. रे-डि-ऑ-लॉ-जी, पाच तुकडे. फि-जि-ओ-थे-र-पी, सहा. जोर नेहमी शेवटच्या तुकड्यावर: रेडिऑलॉजीऽ, फिजिओथेरपीऽ. तुमचे डॉक्टर वेगळं म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. घाईत बोलणारी माणसं जोर गिळतात. आरशासमोर रोज पन्नासदा म्हण.
माया आहे तशीच ठेव.
ताई

१७ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
दुसऱ्याच शब्दाला डॉक्टर हसायला लागले. साहेबांनी विचारलं, बाई, भाजी विकताय का. मला वाटलं जोर कमी पडला, म्हणून आणखी दिला. जागा दुसरीला मिळाली. परीक्षेतलं माझं रेकॉर्डिंग आता कॅन्टीनमध्ये वाजवतात.
काल डिक्शनरी पाहिली. रेडिऑलॉजीत जोर 'ऑ'वर, फिजिओथेरपीत 'थे'वर. लिहिताना तुझी चूक झाली असेल. तसं कळव, म्हणजे मनातलं जाईल.
बाळी

२४ जून
चि. बाळीस,
अ. आ.
चूक झाली नाही. हा धडा मी दर वर्षी आठवीला शिकवते. बाबा अंथरुणाला खिळले आणि तू नोकरी लागली म्हणून निघून गेलीस. नऊ वर्षं मी त्यांच्या चादरी बदलल्या, आणि ते शेवटपर्यंत तुलाच हाका मारत राहिले. चारचौघांनी तुला एकदा हसावं, एवढंच मला हवं होतं. आता मन हलकं झालंय. पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन तुझ्याकडे कायमची येतेच आहे. मागचं विसरून जा.
लोभ राहू दे.
ताई

१ जुलै
ताई,
येऊ नकोस. जिला ती जागा मिळाली, ती मुलगी तुझ्यासाठी ठेवलेल्या खोलीत राहायला आली आहे. तिला घर हवं होतं. रोज संध्याकाळी ती मला एक शब्द शिकवते, आणि चुकलं की तिथल्या तिथे सांगते.
बाळी