अपडेट येईपर्यंत

३ ऑगस्ट, सकाळी ७.१०
गाण्याचं नवं मशीन येऊन बारा दिवस झाले; जुनं, उमाच्या वेळचं, मोडीत दिलं. स्पीकरची जागा अखेर नक्की. भिंतीपासून बेचाळीस सेंटिमीटर, टेपनं मोजून. वाळूजच्या कंपनीत क्वालिटीत तीस वर्षं काढली, ती वाया गेली नाहीत.

उमाचे व्हॉइस मेसेज यावर ऐकायचे. फोनमध्ये सदतीस आहेत, एकही न ऐकलेला. ती असताना वाटायचं, दहा मिनिटांत घरी येणारच आहे, मेसेज कशाला ऐकायचा. शेवटचा सतरा सेकंदांचा आहे. उमा मोजकं बोलायची. सतरा सेकंदांत तिनं काहीतरी महत्त्वाचंच सांगितलं असणार. बहुधा माझ्याबद्दल.

अडचण एकच. फोनच्या मेसेजची फाइल हे मशीन वाजवत नाही. नवीन अपडेट आलं की वाजवेल. कंपनी इंग्लंडची आहे. शब्द पाळतील.

वर्षश्राद्ध तिथीनं ९ नोव्हेंबरला. त्या दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून ऐकवणार. उमा समोर बसून बोलतेय असं वाटलं पाहिजे. लेकीला, मनस्विनीला, पुण्याला फोन करून तसं कळवलं.

१९ ऑगस्ट
अपडेट नाही. वेबसाइटवर ‘कमिंग सून’.

मनस्विनी म्हणाली, बाबा, फाइल बदलून देते, दोन मिनिटांचं काम आहे. नको म्हटलं. बदलताना आवाजाची प्रत उतरते. ती म्हणाली, मग सरळ फोनवरच ऐका की. फोनचा स्पीकर म्हणजे आगपेटीएवढा. लेकीला हे समजावणं अवघड आहे. विषय बदलला.

२८ ऑगस्ट
वर्ष पुरं व्हायचंय म्हणून यंदा घरी गणपती नाही. शेजारून सर्जेरावांच्या सत्यभामावहिनींनी मोदक पाठवले. वहिनी गल्लीत सांगत होत्या म्हणे, केशवरावांनी एवढं मोठं गाण्याचं मशीन आणलं, पण उमाताईंचं वर्ष व्हायचं म्हणून एक गाणं लावलं नाही, माणसानं एवढं मन मारावं.

खरं कारण अपडेट आहे. पण ते तांत्रिक आहे.

६ सप्टेंबर, सायंकाळी ५
कंपनीला कडक ई-मेल लिहिला. तीन वेळा वाचून कडक शब्द काढले. शेवटी सवयीनं ‘विथ वॉर्म रिगार्ड्स’ गेलं.

९ सप्टेंबर
उत्तर आलं. ऑलिव्हर नावाचा माणूस. अपडेट ‘इन द कमिंग वीक्स’. वीक्स म्हणजे दोन. तीन असते तर त्यानं तीन लिहिलं असतं.

२७ सप्टेंबर
तीन आठवडे होत आले. ऑलिव्हरला पुन्हा लिहिलं. आमच्या कंपनीत अशी दिरंगाई कधी खपवून घेतली नाही.

स्वतःपुरतं ठरवलं: अपडेट येण्याआधी गुलमंडीवर, बाजारात जाऊन स्टॅबिलायझर आणायचा. अपडेट चालू असताना लाइट हलली तर मशीन कायमचं बसतं, असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत आहे. उद्याच जातो.

१८ ऑक्टोबर
यंदा घरी फराळ करायचा नाही, म्हणून गल्लीतून सात डबे आले. चकल्या तीन प्रकारच्या. सत्यभामावहिनींची उजवी. बाकीच्यांना सांगितलं नाही.

स्टॅबिलायझर राहिलाच. दिवाळीच्या गर्दीत गुलमंडीवर कोण जाणार. दिवाळी झाली की पहिलं काम तेच.

सर्जेराव डबा परत न्यायला आले, मशीनपुढं उभे राहिले. म्हणाले, “बोलंना का अजून?” मी अपडेटचं सांगितलं. ते मशीनच्या मागं डोकावून आले. मग म्हणाले, आमच्या करमाडला ट्रान्सफॉर्मर असाच येणार होता. आला, पण लई दिवसांनी.

धीर देण्याची त्यांची पद्धत असावी.

१ नोव्हेंबर
आठ दिवस उरले. ऑलिव्हर रजेवर. त्याच्या जागी एक बाई, त्यांनी सुरुवातीपासून सगळं विचारलं. सुरुवातीपासून सगळं लिहिलं.

स्टॅबिलायझरला सोमवारी जायचं होतं. आता पुढच्या सोमवारी.

७ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
अपडेट आलं! ऑगस्टपासूनचा माझा पाठपुरावा कामी आला. चालू केलं आहे. १२ टक्के. चहा समोर घेऊन बसलो आहे. परवा उमाचा आवाज हॉलमध्ये. स्टॅबिलायझरवाचूनही सगळं शांतपणे चाललंय. लोक उगाच घाबरवतात.

सकाळी ७.०५
५८ टक्के.

सकाळी ७.३०
७१ टक्के असताना सत्यभामावहिनींनी भिंतीवरून हाक मारली, पाणी आलंय. आठव्या दिवशी येतं, तेही पाऊण तास. हात आपोआप मोटरच्या बटणावर गेला. गल्लीत सगळ्यांनीच मोटरी लावल्या असणार. ट्यूबलाइट मिणमिणली. मशीनवर एक लाल ठिपका आला. तो अजून आहे.

टाकी भरली.

दुपारी ४
कंपनीच्या बाईंचं उत्तर: मशीन मुंबईला सर्व्हिस सेंटरला पाठवा. दुरुस्त होईल. ‘इन द कमिंग वीक्स’.

९ नोव्हेंबर, सायंकाळी ६
श्राद्ध नीट पार पडलं. गुरुजी गेले, जेवणं झाली. मग सगळे आपापले हॉलमध्ये येऊन बसले. मीच तीन महिने सांगत होतो. मनस्विनी माझ्याकडे बघेना. मी लाल ठिपक्यावर रुमाल टाकला होता.

सत्यभामावहिनी आत गेल्या. तांब्या घेऊन आल्या, कोरडा पुसलेला. फोन मागितला. तांब्यात ठेवला. सतरा सेकंदांचा मेसेज मनस्विनीनं लावला.

“अहो, मी सत्यभामाकडं आहे. पाणी आलंय, मोटर लावा. त्याआधी तुमचं ते गाण्याचं मशीन बंद करा. व्होल्टेज पडतं, मागं टीव्ही गेला तसा जाईल. ऐकताय ना?”

मग उमाची धाकटी बहीण हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. मग सगळेच. सर्जेराव डोळे पुसत म्हणाले, “उमावहिनींनी सालभर अगोदरच सांगून ठेवलं होतं की हो.”

मनस्विनीनं पुन्हा लावला. मग मी म्हणालो, अजून एकदा.

तांब्यात आवाज छान घुमतो. बास, म्हणजे खर्ज, किंचित जास्त आहे. पण उमाच होती.

१० नोव्हेंबर
मशीन मुंबईला गेलं. हॉल मोठा वाटतो. उरलेले छत्तीस मेसेज रोज एक असे ऐकायचे. म्हणजे १५ डिसेंबरपर्यंत पुरतील. शिस्त महत्त्वाची.

११ नोव्हेंबर
सगळे ऐकून झाले. एकतीस पाण्याचे. चार दह्याचे. एक चुकून लागलेला, त्यात नुसती कुकरची शिट्टी आणि तिचं गुणगुणणं. तो सहा वेळा ऐकला.

माझ्याबद्दल वेगळं काही नाही. पण सदतीसच्या सदतीस मलाच होते.

१५ नोव्हेंबर, सकाळी ७
पाणी आलं. उमानं सांगितल्याप्रमाणे मोटर लावण्याआधी मशीन बंद करायला गेलो. बंद करायला मशीनच नव्हतं. मग फ्रिज बंद केला. बरं वाटलं.

सायंकाळी ६
फ्रिज चालू करायचा राहिला. दूध नासलं. याबद्दल एकाही मेसेजमध्ये काही नाही. पुन्हा सगळे ऐकून खात्री केली.