गुग्गुळावरची राळ

बाबा, आज दुकानात माझं चित्त नाही. एका बाईंनी लाडवांसाठी डिंक मागितला आणि मी लोबान बांधत होते, त्यांनीच हात धरला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण काल आपल्याला गुग्गुळ पुरवणारे काका आले आणि तेव्हापासून मी एका जागी बसू शकलेले नाही.

तो मे महिना. दहावीची परीक्षा देऊन मी दुकानात बसू लागले होते. उकाड्यानं गुग्गुळ मऊ पडून त्याचा एकच गोळा झालेला, खडा सुटेना. आई पोळपाटावर पीठ भुरभुरते तशी मी त्यावर राळेची पूड भुरभुरली. राळ कोरडी, काचेसारखी. खडे सुटे झाले आणि मी स्वतःवर खूश. वैद्यबुवांनी तोच गुग्गुळ औषधासाठी नेला आणि चौथ्या दिवशी पातेलं घेऊनच आले. खरा गुग्गुळ गरम पाण्यात दुधासारखा विरतो, हे तुम्हीच मला शिकवलेलं. यांच्या पातेल्यात तळाला पिवळट कण बसले होते. तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. काकांना बोलावून भर दुकानात म्हणालात, "औषधात भेसळ करणाऱ्यानं माझ्या दुकानाची पायरी चढू नये." ते नुसतं तपासून घ्या म्हणत राहिले. मी बरण्या पुसत होते. पुढे इतर दुकानांनीही त्यांचा माल बंद केला. तुमच्या सचोटीचं कौतुक कल्याणात अजून होतं, आणि ते ऐकताना मला तुमचाच राग येतो. विचारायचं होतंत एकदा. मी सांगितलं असतं. बहुतेक.

काल ते मोहन्याहून रिक्षानं आले, काठी टेकत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरी, माझ्या मालात राळ नव्हती गं. त्याला कधी पटलं का?"

सगळं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "बाबांना नंतर कळलं होतं, काका. जायच्या आधी म्हणाले, तुमची काही चूक नव्हती."

त्यांनी डोळे पुसले. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबा, तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. मी तुमच्या तोंडी खोटं घातलं आणि पुन्हा सुटले.

हे खरं तर त्यांना सांगायला हवं. मोहने काही लांब नाही, रिक्षानं जाऊन तासाभरात परत येता येतं. तिथे जायचं टळावं म्हणूनच तुम्हाला लिहितेय.